उर्सूलचा बेलोनी

ग्रोस-आन्समध्ये आडनाव विचारणारा माणूस एकतर नवा पोस्टमन असतो, नाहीतर वाट चुकलेला पाहुणा. आडनाव सगळ्यांचं एकच, अमिरो. खाडीच्या काठावर उभं राहून दगड भिरकावला तर तो एखाद्या अमिरोच्या टाळक्यात बसणार, आणि भिरकावणाराही अमिरोच निघणार. म्हणून इथं विचारतात ते एवढंच, कुणाचा तू? मग पोरगं सांगतं, अमक्याचा, तो तमक्याचा, तो फलाण्याचा. साखळी जितकी लांब, तितकी मान ताठ. बाप असेल तर बापाचं नाव. बाप समुद्रानं नेला आणि घर आईनं ओढलं, तर आईचं. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही. सूर्य कुठून उगवतो हे तरी कोण लिहून ठेवतं?

तेओतिस्तचा नवरा बाझील शेवंडांच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी गेला, सापळ्यांनी लदलेल्या होडीसकट. मागे तीन पोरं, धाकटा एदुआर अजून पाळण्यात. तेव्हा गावातले सगळे शहाणे तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसले होते. पोरं नातेवाइकांत वाटून टाक म्हणाले, मांजरीची पिल्लं वाटावीत तशी. तेओतिस्तनं त्यांना कॉफीसुद्धा विचारली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जाळं विणायची लाकडी सुई हातात घेतली आणि अर्ध्या खाडीच्या सापळ्यांची जाळी विणायला सुरुवात केली. दोऱ्यानं बोटांत चरे पडले, ते आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही दिसतात. म्हणून तिच्या पोराला कुणी बाझीलचा एदुआर म्हणत नाही. तेओतिस्तचा एदुआर म्हणतात. हे नाव तिला कुणी बक्षीस दिलं नव्हतं. विणलं होतं तिनं ते.

त्या वर्षांत तिला धीर दिला तो एकाच माणसानं, आणि तो मरून दोन शतकं उलटली होती. ओनोरे. घराण्याचा मूळपुरुष. मोठ्या हकालपट्टीत इंग्रजांनी इथल्या फ्रेंच वस्त्या उठवल्या, पुरुषांना चर्चमध्ये कोंडलं, घरं पेटवली, माणसं गुरांसारखी जहाजांत भरली आणि वाऱ्यावर सोडली. ओनोरेची बायको जहाजावरच मेली म्हणतात. ओनोरेला बोस्टनला नेऊन टाकलं. आणि काही वर्षांनंतर तो धाकट्या बेलोनीला घेऊन पायी निघाला. जंगलातून, बर्फातून, भीक मागत. आपल्या जुन्या शेतात परका माणूस नांगर धरून उभा दिसला, तेव्हा तो तिथं थांबला नाही. चालतच राहिला, ते थेट या खडकाळ किनाऱ्यापर्यंत, जिथं यायची कुणाचीच इच्छा नव्हती. इथं त्यानं झोपडी बांधली.

'ओनोरे एवढं चालला, मी इथं नुसती बसू शकत नाही?' असं स्वतःला बजावत तेओतिस्तनं कित्येक हिवाळे काढले होते. ही साखळी तिला बाझीलच्या आजीनं शिकवली होती, ओझित म्हातारीनं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, रात्रीच्या जेवणाला रापूर करायला बटाटे किसता किसता. बाझील जोसचा, जोस मांदेचा, मांदे इलेरचा, इलेर सिप्रियांचा, सिप्रियां बेलोनीचा. इथवर आलं की म्हातारी थांबायची. किसणीवर बटाटा जोरानं घासायची. मग म्हणायची, "बेलोनी ओनोरेचा. असं म्हणायचं, पोरी. आणि ओनोरे क्लोद वाकडमान्याचा."

तर या वर्षी ऑगस्टात अमिरोंचा मेळा ग्रोस-आन्सला भरायचा होता. कुठून कुठून माणसं येणार. त्यासाठी दफनभूमीच्या समुद्राकडच्या टोकाला काळा दगड बसवला होता, पहिल्या परतणाऱ्याचा, शिडाच्या कापडानं झाकून. पंधरा तारखेला, आमच्या सणाच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा झाली की दगडावरचं शीड काढायचं आणि मग भांडी बडवत गावभर फिरायचं. या सगळ्याचा पुढारी क्लारेन्स, बाझीलच्या थोरल्या भावाचा मुलगा. चाळीस वर्षं शेवंडांची होडी चालवली, गुडघे गेले तसा समित्या चालवायला लागला. मिशी कातरलेली, आवाज मोठा. माणूस वाईट नव्हता. फक्त मधे कुणी बोललेलं त्याला ऐकू जात नसे.

पंधरा तारीख तोंडावर आली असताना एक बाई तेओतिस्तच्या दारात उभी राहिली. पन्नाशीची, वाऱ्यानं रापलेली, हातात लोण्याच्या केकचा डबा.

"मी सोलेन. फ्रान्समधल्या बेल-ईल बेटावरून आले. तिकडे माझा कालवांचा धंदा आहे. गावात सगळे म्हणाले, नाती विचारायची तर तुम्हालाच."

"बरोबर म्हणाले. बस. बूट तिथं काढ. कुणाची तू?"

सोलेन हसली. "आमच्याकडेही आजी असंच विचारायची." आणि उभ्या उभ्याच तिनं साखळी म्हटली, शाळेतल्या पोरीसारखी हात मागे बांधून. बायांचीच नावं एकामागून एक, बेटावरच्या बाया, आणि शेवटी, "ती ब्लांशची. ब्लांश ओनोरेची. ओनोरे क्लोद वाकडमान्याचा."

तेओतिस्तच्या हातातली केटली हवेतच राहिली. वाकडमान्या! हे टोपणनाव कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते किसणीपाशीच मिळायचं.

"ओनोरेला मुलगी होती?"

"थोरली. जहाजांत भरताना शिपायांनी बाप-लेकीला एका होडीत ढकललं आणि आईला दुसऱ्या. आई म्हणजे उर्सूल. ब्लांशनं मरेपर्यंत एकच गोष्ट सांगितली म्हणे. त्या दुसऱ्या होडीत आई उभी होती आणि धाकट्याला दोन्ही हातांनी उंच धरत होती, बापाला दिसावा म्हणून. बेलोनी त्याचं नाव. पुढे त्यांचं काय झालं आम्हाला कधीच कळलं नाही. म्हणून तर मी आले."

"पुढे काय झालं ते मी सांगते," तेओतिस्तनं केटली आपटली. "तुझी उर्सूल जहाजावर मेली आणि ओनोरे बेलोनीला घेऊन बोस्टनहून चालत आला. इथं. ज्या जमिनीवर तू मोजे घालून उभी आहेस तिथं."

सोलेन हळूच म्हणाली, "तसं कसं होईल, आजी? ओनोरेला बोस्टनला नेलंच नाही. त्याचं जहाज व्हर्जिनियाला गेलं, तिथल्यांनी उतरू दिलं नाही, मग सगळ्यांना इंग्लंडला नेलं. साउदॅम्प्टनच्या बंदरात एका गोदामात ठेवलं. तिथं देवी आल्या. ओनोरे ब्लांशच्या मांडीवर गेला. तिनं त्याचे डोळे मिटले, आणि पुढे सुटका झाल्यावर आमच्या बेटावर आली. एवढं मात्र आमच्यात कुणी कधी विसरलं नाही."

"खोटं."

"आजी..."

"आजी नको म्हणूस मला! समुद्र ओलांडून आलीस ते आमच्या ओनोरेला मारायला? तिकडे पुरुष कमी पडले का तुम्हाला, की आमचाच हवा गोदामात कुजवायला? उचल तो डबा."

सोलेननं डबा उचलला नाही. बूट घातले आणि निघून गेली. जाताना दारात फक्त म्हणाली, "त्याला मारलं ते मी नाही."

दुपारभर तेओतिस्त भांडी घासत राहिली. स्वच्छ भांडीसुद्धा. मग तिनं बटाटे काढले. राग आला की तिला काहीतरी किसावं लागे. आणि किसता किसता तोंडातून सवयीनं साखळी निघाली. जोस मांदेचा, मांदे इलेरचा... सिप्रियां बेलोनीचा.

किसणी थांबली.

'असं म्हणायचं, पोरी.'

जोस मांदेचा, हे 'असं म्हणायचं' नव्हतं. इलेर सिप्रियांचा, हेही नव्हतं. ते होतं तसंच होतं. एका बेलोनीपाशीच म्हातारी म्हणायची, असं म्हणायचं. म्हणजे पूर्वी दुसरं काहीतरी म्हणत होते.

मग एकेक गोष्ट जाळ्याच्या घरांसारखी घराला घर जोडत गेली. ओनोरे इंग्लंडात मेला असेल, तर बेलोनीला बोस्टनहून इथं आणलं कुणी? पोरगं काय उडत आलं? आणि ज्या विधवेनं पोर पाठीवर टाकून एवढी वाट तुडवली, झोपडी बांधली, त्याला वाढवलं, तिचं पोर आपल्या रीतीनं कुणाचं? तिचं. उर्सूलचा बेलोनी. असंच म्हणत असणार गाव. मग कधीतरी पाद्री आला असेल, लग्न लावताना विचारलं असेल, बापाचं नाव काय? कुणीतरी खरं तेच सांगितलं असेल, ओनोरे. पुढे चर्चमध्ये म्हणतात तसंच घरात म्हणायचं म्हणून साखळीतली एक कडी बदलली. आणि चालण्याची गोष्ट तर साखळीच्या टोकाला बांधलेली! टोकाला जो असेल तो चालला. नाव बदललं, तसे पायही बदलले. बाई चालली, आणि पोचला पुरुष.

वर तिला मारून टाकायची होती, म्हणून ती जहाजावर मेली.

तेओतिस्तला दुःख झालं नाही. दुःख करायला वेळच मिळाला नाही, एवढा राग तिच्या पायांतून वर चढला. बाझील गेला त्या हिवाळ्यात, पोरं तापानं फणफणलेली, दोऱ्यानं बोटं रक्ताळलेली, तेव्हा ती एका पुरुषाशी बोलत बसली होती. तू कसा चाललास रे, ओनोरे? आणि तिथं तिच्यासारखीच एक बाई उभी होती, तिच्यासारखीच विधवा, आणि तिच्या तोंडावर हात दाबून धरला होता या मिशीवाल्यांनी! एवढी वर्षं. तिला ती मिळायला हवी होती. तिची होती ती.

तशीच ती एप्रनवर निघाली. पहिल्यांदा सोलेन उतरली होती त्या घरी गेली. दार न वाजवता आत डोकं घातलं.

"तुझा केक खाल्ला. मीठ जास्त आहे. चल."

चर्चच्या हॉलमध्ये क्लारेन्स खुर्च्या मांडून घेत होता. तेओतिस्तनं त्याला सगळं सांगितलं. सोलेननं तिचं सांगितलं. क्लारेन्सनं मिशीवरून बोट फिरवलं.

"काकू, गोष्ट छान आहे. पण दगड कोरून झालाय. 'ओनोरे अमिरो, जो पायी परतला.' सोन्याच्या अक्षरांत. परवा शीड काढायचंय."

"मग आज खोड."

"ग्रॅनाइट आहे ते, काकू, शाळेतली पाटी नाही! आणि पुरावा काय? चर्चमध्ये बेलोनीचा बाप ओनोरेच आहे."

"बाप नाही म्हणतंय कोण? बाप तो आहेच. चालली ती. बाप होणं आणि चालणं यात फरक असतो. तुला चार पोरं आहेत, तू कुठवर चाललास?"

खुर्च्या मांडणाऱ्या बाया खुदकल्या. क्लारेन्सचे कान लाल झाले.

"बरं, असं करू. खाली एक छोटी पट्टी लावू. 'आणि त्याची पत्नी.'"

"आणि त्याची पत्नी," तेओतिस्तनं शब्द चावून पाहिले. "बर्फातून पोर वाहून आणलं पत्नीनं, आणि 'आणि'सुद्धा तिच्याच वाट्याला."

तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली. तिथं घराण्याचा मोठा वृक्ष लावला होता, पाहुण्यांनी आपापलं नाव शोधावं म्हणून. अक्षरं वाचायला तिला वेळ लागायचा. शाळा तिनं दोनच हिवाळे पाहिली होती. पण आपल्या पोराचं नाव ती आंधळी झाली तरी ओळखेल. एदुआर. आणि त्याच्या पुढे बाझीलचा.

"हे कुणी केलं?"

"काकू, बाहेरची माणसं येणार. आईचं नाव लावलं की लोक भलतंसलतं विचारतात. बापाचं लावलेलं बरं दिसतं."

"बरं दिसतं." तिचा आवाज अगदी खाली आला. बाया खुर्च्या सोडून उभ्या राहिल्या. तेओतिस्तचा आवाज खाली येणं आणि समुद्र एकदम मागे हटणं, दोन्हींचा अर्थ एकच असतो, मोठी लाट येतेय. "अजून मी मेले नाही, क्लारेन्स. तिला मरू तरी दिलंत. मला जिवंतपणीच खोडलंत."

ती निघाली ती सरळ एदुआरच्या शेडमध्ये. त्यानं सापळे दुरुस्तीला काढले होते.

"आई, काय शोधतेस?"

"दोरा. जाड. आणि आपला एक बोया दे."

"बोया? ऑगस्टात? शेवंडांना नोव्हेंबरपर्यंत सुट्टी आहे, आई."

"शेवंड नाही पकडायची. दे म्हटलं ना."

एदुआरनं आईकडे पाहिलं आणि बुडवलेल्या सापळ्याची खूण म्हणून पाण्यावर तरंगतो तो बोया काढून दिला, पिवळ्यावर हिरवा पट्टा असलेला. खाडीत प्रत्येक घराचे रंग ठरलेले. पिवळा-हिरवा म्हणजे तेओतिस्तचा, हे गलबतंसुद्धा ओळखतात.

पुढचा सबंध दिवस ती दफनभूमीत स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसली आणि दगडावर जाळं विणत राहिली. शिडाच्या कापडावरून, दगडाच्या चारी अंगांनी, पायथ्याच्या लोखंडी कड्यांतून ओवत, गाठीला गाठ. सोलेन दोरा सुईवर भरून देत होती. कालवांची जाळी बांधणारी बाई, हाताला सवय होती.

"ही गाठ मला येत नाही," सोलेन म्हणाली.

"इथंही कुणाला येत नाही. बाझील गेल्यावर मीच काढलीय. ओढावी तितकी घट्ट होते."

"माझ्यासारखीच आहे म्हणजे," सोलेन म्हणाली, आणि तेओतिस्तनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"मान वाकडमान्याची आहे तुझी," ती म्हणाली. "दुसरा गठ्ठा दे."

शेवटच्या गाठीला तिनं बोया टांगला.

पंधरा तारखेला मिस्सा सुटली आणि सगळा लोंढा तवे-पातेली घेऊन दफनभूमीत आला. दारातच थबकला. दगडाजागी सापळा उभा होता, माणसाच्या उंचीचा, आणि शेजारी खुर्चीवर तेओतिस्त, मांडीवर सूप करायचं मोठं पातेलं.

क्लारेन्स पुढे आला. मागं पाहुणे, छत्र्या, कॅमेरे.

"काकू, हा काय तमाशा? एदुआर, सोड ते."

"मला ती गाठ येत नाही," एदुआर म्हणाला. आणि खरंच येत नव्हती.

"मग मी सोडतो." क्लारेन्सनं खिशातून घडीचा चाकू काढला. पातं उघडलं.

गावातली माणसं एक पाऊल मागे सरली. पाहुण्यांना कळेना, एका दोऱ्याचं एवढं काय. पण ग्रोस-आन्समध्ये दुसऱ्याच्या बोयाची दोरी कापणं म्हणजे काय, हे अंगावरच्या पोरालाही माहीत. घर लुटलेलं माफ होतं, बायको पळवलेली काळानं विसरतात. दोरी कापणारा संपला. फार वर्षांपूर्वी एकानं रागाच्या भरात शेजाऱ्याची दोरी कापली होती. तो मेला, त्याचा मुलगा मेला, तरी त्याच्या पणतवांना आजही विचारा कुणाचे, तर गाव त्यांच्या वतीनं उत्तर देतं, कापऱ्याचे.

"काप," तेओतिस्त म्हणाली. ती खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. "बोया माझा, दोर माझा. काप की. तुझी नातवंडं तिथं उभी आहेत, नवे बूट घालून. उद्यापासून त्यांना विचारतील, कुणाचे रे तुम्ही? सांगायला सोपं जाईल. साखळीत एक नाव बदललं की सगळं बदलतं, हे तुला मी काय शिकवणार? तुम्ही तर त्यात तरबेज."

क्लारेन्सचा हात दोरीपर्यंत गेला. पातं दोरीला टेकलं. त्यानं बोयाकडे पाहिलं. चाळीस वर्षं धुक्यात, लाटांत तो पिवळा-हिरवा रंग दिसला की त्यानं सुकाणू वळवलं होतं.

चाकू मिटला.

"दगड कोरलाय, काकू," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान होता. "खोडायचा कसा?"

"तिला खोडलं तेव्हा कुणी विचारलं होतं, कसं म्हणून?"

तो दगडाच्या मागे जाऊन आला. मग म्हणाला, "मागची बाजू कोरी आहे. तिथं तिचं नाव घालू."

"पाठीवर?"

"मग काय करू मी!"

"दगड फिरव."

मागून कुणा बाईनं तव्यावर एकदा डाव आपटला. मग दुसरीनं. क्लारेन्सनं त्या बाजूला डोळे वटारून पाहिलं, तर त्याची स्वतःचीच बायको होती.

"फिरवतो," तो म्हणाला. "सोडा आता जाळं. पाहुणे उभे आहेत."

"आधी छिन्नी, मग गाठ."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"पुरुषाच्या शब्दावर आम्ही एवढी वर्षं काढली. बघितलं काय झालं ते." आणि तिनं पातेलं उचललं आणि असं बडवायला सुरुवात केली, की पाद्रीबाबांचा आशीर्वाद अर्ध्यातच राहिला. त्या वर्षीचा गजर जाळ्यात बांधलेल्या दगडाभोवती झाला. सोलेन दोन झाकणं आपटत होती आणि रडत होती. तेओतिस्त रडत नव्हती. ती जिथं क्लारेन्स उभा राही तिथं जाऊन त्याच्या कानाशी बडवत होती.

पाहुणे पांगले. सोलेन जाताना म्हणाली, "ओनोरे आमच्याकडे राहू दे. त्याच्यासाठी मी साउदॅम्प्टनला जाऊन येईन."

"जा. तो बिचारा त्याच्या जागी पडलाय. त्याला चालायला आपणच लावलं."

सफरचंदं पडायला लागली तेव्हा पाथरवट आला. त्याला काम करता यावं म्हणून तेओतिस्तनं मागच्या बाजूचं जाळं सोडलं, तेवढंच. तो छिन्नी चालवत होता तोवर ती खुर्ची टाकून बसून राहिली. शब्द तिनं सांगितले, क्लारेन्सनं कागदावर उतरवून दिले. मग क्रेननं दगड फिरवला. समुद्राकडे तोंड करून उभी राहिली ती उर्सूल, जी बेलोनीला घेऊन पायी परतली. ओनोरेची सोन्याची अक्षरं कुंपणाकडे गेली.

मग तेओतिस्तनं शेवटची गाठ सोडली. बोया काखेत घेतला. तिनं चरे पडलेलं बोट एकेका अक्षरावरून फिरवलं, सावकाश, कारण तिला वाचायला वेळ लागायचा. क्लारेन्स टोपी हातात घेऊन शेजारी उभा होता. आता तरी काकू काही गोड बोलेल म्हणून वाट पाहत होता.

"अक्षर बरं आहे," ती म्हणाली. "चल, आता हॉलमधल्या भिंतीचं बघू."